शेजारच्या आजींची वाहिनी

भाचीच्या बाळंतपणासाठी कॅनडाला खरं तर माझ्या थोरल्या बहिणीनं जायचं होतं. पण तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन नेमकं त्याच महिन्यात निघालं. मग काय, बचत गटाच्या वह्या मैत्रिणीच्या हवाली केल्या आणि डिंकाचे लाडू, अहळीव, बाळंतशेप असं सगळं बांधून मीच विमानात बसले. त्या तीन महिन्यांतलं बाळ, आंघोळ-मालिश, बर्फ हे सगळं तुम्ही कुणाकुणाकडून ऐकलेलं असेलच. मला सांगायचंय ते शेजारच्या आजींबद्दल आणि त्यांच्या टीव्हीबद्दल.

भाची राहते ओटावा शहराच्या पूर्वेला, ओर्लेआँ या भागात. हा ओंटारिओ प्रांत. कॅनडात फ्रेंच म्हटलं की शेजारचा क्वेबेक प्रांत, एवढंच मला माहीत होतं. ओंटारिओ म्हणजे सगळे इंग्रजी, अशी माझी समजूत. पण इथंही सहा लाखांहून जास्त फ्रेंच बोलणारे लोक आहेत. त्यातल्या कितीतरी जणांच्या पिढ्यान् पिढ्या इथंच गेल्या. तरी प्रांतात ते शंभरात जेमतेम चार-पाच. आजी त्यातल्याच. निवृत्त शिक्षिका, सत्तरी ओलांडलेल्या. माझं इंग्रजी अडखळतं आणि त्यांचं फ्रेंच वळणाचं, त्यामुळे आमचं छान जमलं!

दुपारी त्यांचा चार वर्षांचा नातू त्यांच्याकडे असे. सून इंग्रजी बोलणारी. आजी त्याच्याशी फ्रेंचमध्ये बोलायच्या, त्याला सगळं समजायचं आणि उत्तर मात्र इंग्रजीत यायचं. मी मनात म्हटलं, घरोघरी मातीच्या चुली!

चार वाजले की आजी टीव्ही लावत. वाहिनीचं नाव टीएफओ. ओंटारिओ सरकारच्या पैशावर चालणारी ही शैक्षणिक फ्रेंच वाहिनी. मुलांची गाणी, गोष्टी, अंक, प्राणी. आपल्याकडे कार्टूनच्या मध्ये चॉकलेटच्या जाहिराती येतात तसलं काही नाही. एकदा आम्ही दोघी स्वयंपाकघरात बटाटे सोलत होतो. पडद्यावरच्या ताईनं मुलांना काहीतरी विचारलं आणि ती थांबली. बाहेरून त्या पोराचा आवाज आला, चक्क फ्रेंचमध्ये! आजींची सुरी थांबली. मी म्हटलं, "अहो, बोलला की!" त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "कौतुक केलं की लाजतो, मग पुन्हा बोलत नाही."

टीव्हीनं कुठं भाषा टिकते का, असं मी त्यांना विचारलंच. समाजकार्य करणाऱ्या बाईला हा प्रश्न पडणारच. त्या म्हणाल्या, "टीव्हीनं नाही टिकत. पण माझ्याशिवाय आणखी कुणी असं बोलतं, हे त्याला दिसतं. नाहीतर त्याला वाटेल, ही फक्त आजीची भाषा."

मग एका रविवारी त्या मला ओटावातल्या जुन्या वस्तीतली गिग शाळेची इमारत दाखवायला घेऊन गेल्या. 1912 साली ओंटारिओ सरकारनं 'नियम 17' काढला. पहिल्या दोन इयत्तांनंतर शाळेत फ्रेंचमधून शिकवणं बंद! या शाळेतल्या दोघी बहिणी, बेआत्रिस आणि दियान देलोज, ऐकेनात. त्या शिकवतच राहिल्या. जानेवारी 1916 मध्ये पोलीस त्यांना बाहेर काढायला आले, तेव्हा दारात मुलांच्या आया उभ्या होत्या. हातात काय? टोपीला लावायच्या लांब पिना, तवे आणि लाटणी! मैत्रिणींनो, मला आपला महागाईविरुद्धचा लाटणे मोर्चाच आठवला. इथं भांडण धान्याचं नव्हतं, धड्यांचं होतं, एवढाच फरक. 1927 नंतर तो नियम ढिला पडला. पण सरकारनं त्याबद्दल रीतसर माफी मागायला 2016 उजाडलं. शंभर वर्षं!

आजी स्वतः शाळेत होत्या त्या काळात घरात टीव्ही आला, तोही इंग्रजी. फ्रेंच कार्यक्रम लागले तरी बातम्या माँट्रियलच्या आणि पाऊसही माँट्रियलचाच. त्यांच्या गावात बर्फ किती पडणार, हे फ्रेंचमध्ये कुणी सांगेना. प्रांताच्या टीव्हीओ वाहिनीवर फ्रेंचला थोडाफार वेळ मिळे, तेवढाच. सरकारी कामं फ्रेंचमध्येही व्हावीत असा कायदा 1986 मध्ये झाला आणि 1 जानेवारी 1987 ला स्वतंत्र फ्रेंच वाहिनी सुरू झाली. 1995 मध्ये तिचं नाव टीएफओ झालं. 2007 मध्ये ती टीव्हीओपासून वेगळी झाली, म्हणजे कारभारही आपल्या माणसांच्या हाती आला. आपल्या भाषेत सून म्हणूया, सासूच्या स्वयंपाकघरातून स्वतःच्या चुलीवर! पुढे 2008 मध्ये तिच्यावर 'मेतेओ प्लुस' नावाची विनोदी मालिका लागली. ती होती सडबरी गावातल्या फ्रेंच हवामान वाहिनीबद्दलच. हे सांगताना आजी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

पण सगळं सुखासुखी नाही हं. सरकारचा पैसा म्हटला की सरकारची मर्जी आली. 2018 च्या नोव्हेंबरमध्ये प्रांत सरकारनं फ्रेंच विद्यापीठाची योजना रद्द केली आणि फ्रेंच सेवांवर लक्ष ठेवणाऱ्या आयुक्तांचं स्वतंत्र कार्यालयही. 1 डिसेंबरला गावोगावी लोक हिरवे-पांढरे झेंडे घेऊन थंडीत रस्त्यावर उतरले. आजीही गेल्या होत्या. विद्यापीठ शेवटी 2021 मध्ये टोरांटोत सुरू झालं. भाचीचं बाळंतपण झालं ते माँफोर इस्पितळही असंच वाचवलेलं. 1997 मध्ये ते बंद व्हायचं घाटत होतं, तेव्हा जिझेल लालोंद या बाईंच्या पुढाकारानं दहा हजार माणसं एका छताखाली जमली होती. प्रसूतीच्या खोलीबाहेर बसले होते तेव्हा मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

त्या रात्री मला माझी आई आठवली. माहेर इंदूरचं. केबल आली तेव्हा आमच्या गल्लीत मराठी वाहिनी दिसत नसे. आई भगिनी मंडळातल्या चौघींना घेऊन केबलवाल्याकडे गेली. तो म्हणाला, "माताजी, देखता कौन है?" आई म्हणाली, "दाखव तर, मग बघू कोण बघतं ते." दोन महिने तिनं त्याचा पिच्छा पुरवला, तेव्हा कुठे वाहिनी लागली. आई गेली, केबलही गेली. भावाची मुलं मोबाइलवर काय पाहतात कुणास ठाऊक. ती घरात हिंदीच बोलतात. आणि मी, त्यांची आत्या, इतकी वर्षं त्यांना हिंदीतच उत्तरं देत आले. सोपं पडतं ना!

निघायच्या आदल्या दिवशी आजींकडे गेले. नातू टीव्हीसमोर, आजी खुर्चीत, विणकाम चाललेलं. त्या दिवशी तो काहीच बोलला नाही, नुसता बघत बसला. आजींनीही काही विचारलं नाही.

परत आल्यावर इंदूरला फोन लावला. धाकट्या भाच्यानं उचलला. "हां बुआ, मम्मी को देता हूँ." मी म्हटलं, "आईला नंतर दे. आधी तू बोल. आज काय जेवलास?" पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाला, "आत्या, रुको... पोहे. पोहे खाल्ले."