बाईच्या पर्समध्ये रिव्हॉल्वर : आधी नीट समजून घेऊ

 

गेल्या महिन्यात आम्ही एका बचत गटाच्या बैठकीला गेलो होतो. हप्ते गोळा झाले, वही मिटली, चहा आला. तेवढ्यात मागे बसलेली एक बाई म्हणाली, "ताई, बाईमाणसाला पिस्तुलाचं लायसन मिळतं का हो?" सगळ्या हसल्या. कुणी म्हणालं, "आता काय डाकूराणी व्हायचंय का?" पण विचारणारी हसली नाही. तिचा नवरा जाऊन दोन वर्षं झालीत. वस्ती गावापासून दीड किलोमीटरवर. घरात ती, थकलेली सासू आणि आठवीतली लेक. रात्री कुत्रं भुंकलं की तिघी उठून बसतात.

आम्ही तिला म्हणालो, "पूर्ण माहिती काढून सांगतो." तेच आज सांगतोय. बंदूक घ्या असं आम्ही म्हणणार नाही आणि बाईला बंदूक कशाला, असंही म्हणणार नाही. सगळी माहिती समोर ठेवतो, ठरवायचं तुम्ही.

हे हत्यार असतं तरी कसं?

आपण सगळ्यालाच पिस्तूल म्हणतो. पण रिव्हॉल्वर आणि पिस्तूल वेगळं. रिव्हॉल्वरला मधोमध एक गोल फिरणारं चक्र असतं, त्यात बहुधा सहा गोळ्या बसतात. घोडा ओढला की चक्र एक घर पुढे सरकतं आणि गोळी सुटते. पिस्तुलात गोळ्यांची पट्टी मुठीतून आत सरकवतात. रिव्हॉल्वरची रचना साधी, म्हणून ते अडकण्याचा धोका कमी, असं मानलं जातं.

२०१४ सालच्या जानेवारीत कानपूरच्या सरकारी शस्त्र कारखान्याने खास स्त्रियांसाठी म्हणून एक छोटं रिव्हॉल्वर बाजारात आणलं. नाव 'निर्भीक'. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर देशभर त्या मुलीला 'निर्भया' म्हणू लागले होते, त्यावरूनच हे नाव आलं. .३२ बोअरचं, टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, वजन सुमारे ५०० ग्रॅम, म्हणजे अर्धा किलो साखरेच्या पुडीएवढं. पर्समध्ये सहज मावेल असं. दागिन्यांच्या डबीसारख्या तांबड्या पेटीतून ते द्यायचे. मारा साधारण १५ मीटरपर्यंत, म्हणजे घराच्या ओट्यापासून गोठ्यापर्यंत. त्या वेळची किंमत १,२२,३६० रुपये. एवढ्या पैशात त्या काळी दोन चांगल्या दुभत्या म्हशी आल्या असत्या.

तेव्हा बरीच चर्चा झाली. मणिपुरात बंदुकीमुळे घर उद्ध्वस्त झालेल्या बायकांसाठी काम करणाऱ्या बीनालक्ष्मी नेप्रम यांनी या रिव्हॉल्वरवर उघड टीका केली. बायकांना सुरक्षित ठेवणं हे सरकारचं काम, ते त्यांच्याच पर्समध्ये का टाकायचं, असं पुष्कळांचं म्हणणं होतं. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, पोलीस येईपर्यंत बाईने काय करायचं? मैत्रिणींनो, दोन्ही प्रश्न खरे आहेत.

परवाना कसा मिळतो?

आपल्या देशात बंदूक बाळगणं हा हक्क नाही, ती परवानगी आहे. १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे शस्त्र नियम यांत सगळं लिहिलेलं आहे. बाई आणि पुरुष असा भेद त्यात नाही. वय २१ पूर्ण हवं. अर्ज ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे, जिल्हादंडाधिकारी या नात्याने ते परवाना देतात. जिथे पोलीस आयुक्तालय आहे त्या शहरांत तो पोलीस आयुक्तांकडे.

अर्जाबरोबर ओळखीचा आणि राहण्याचा पुरावा, फोटो, शरीर-मन ठीक असल्याचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. हत्यार सुरक्षित हाताळायला शिकल्याचं प्रमाणपत्र लागतं. हत्यार घरी कुठे आणि कसं ठेवणार, हेही लिहून द्यावं लागतं. मग पोलीस चौकशी होते. गावात विचारपूस होते, तुमच्यावर गुन्हे आहेत का हे बघतात.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न एकच असतो : "तुम्हाला गरज काय?" नुसतं "भीती वाटते" एवढ्याने भागत नाही. जिवाला खरा धोका आहे किंवा कामाच्या स्वरूपामुळे संरक्षणाची गरज आहे, हे दाखवावं लागतं. आधी कुणी धमकी दिली असेल आणि त्याची पोलिसांत नोंद असेल, तर तो कागद इथे उपयोगी पडतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. अर्ज नाकारला तर कारण लेखी मागता येतं आणि वर अपीलही करता येतं.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना पाच वर्षांचा झाला आणि एका माणसाला जास्तीत जास्त दोनच बंदुका ठेवता येतात. काडतुसं किती घ्यायची तेही परवान्यावर लिहिलेलं असतं. निवडणुका आल्या की बंदुका पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात, हे आपण गावात पाहतोच.

आणि एक. परवाना माणसाला असतो, घराला नसतो. नवऱ्याच्या नावचं रिव्हॉल्वर बायकोने पर्समध्ये घालून बाजाराला जाणं हा गुन्हा आहे. घरातला परवानाधारक वारला, तर "राहू दे कपाटात" म्हणून चालत नाही. हत्यार पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं आणि वारसाने आपल्या नावाने अर्ज करायचा.

गावठी कट्ट्याचं तर नावच काढू नका. "कुणाच्या तरी ओळखीने दहा-पंधरा हजारात मिळतो" असं कुणी सांगितलं, तरी तो घरात आणू नका. विनापरवाना बंदूक सापडली तर दोन ते पाच वर्षं तुरुंग आणि वर दंड. शिवाय असला कट्टा कधी आपल्याच हातात फुटेल, सांगता येत नाही.

जवळ बाळगायचं म्हणजे काय?

परवाना मिळाला म्हणजे कमरेला लटकवून फिरता येतं, असं नाही. सार्वजनिक जागी हत्यार म्यानात, पूर्ण झाकलेलं आणि आपल्या ताब्यात असावं लागतं. ते काढून दाखवणं, धाक घालणं, वरातीत हवेत बार काढणं हे सगळं बंद. कुणाचा जीव धोक्यात येईल असा आनंदाचा बार काढला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

आता पर्सचा विचार करा. आपल्या पर्समध्ये किल्ल्या, कंगवा, सुटे पैसे, औषधाची पट्टी. त्यात रिव्हॉल्वर सुटं टाकलं आणि घोड्यात किल्ली अडकली, तर? म्हणून त्याला वेगळा कप्पा आणि घोडा झाकणारं म्यान हवंच. एसटीत पर्स फळीवर ठेवून झोपता येणार नाही. लग्नघरात पर्स जावेकडे देऊन पंगतीला बसता येणार नाही. पर्स चोरीला गेली तर तासाभरात पोलीस ठाणं गाठायचं.

शिकवणारे चार गोष्टी पहिल्याच दिवशी घोकून घेतात. हत्यार नेहमी भरलेलंच आहे असं समजायचं. ज्याला इजा करायची नाही त्याच्याकडे नळी वळवायची नाही. निशाणा धरेपर्यंत बोट घोड्यावर न्यायचं नाही. आणि निशाणाच्या मागे कोण आहे ते आधी बघायचं, कारण गोळी पत्र्यातून आणि कुडातून आरपार जाते.

छोटं रिव्हॉल्वर सोपं, असंही नाही. हत्यार जितकं हलकं तितका हाताला झटका जास्त. नळी आखूड, म्हणून नेम चुकायला वेळ लागत नाही. घोडा जड असतो. भीतीने हात थरथरत असताना, अंधारात, दोन पावलांवर माणूस असताना पर्सची चेन उघडून नेम धरणं सरावाशिवाय जमत नाही. सरावाला गोळ्या लागतात, गोळ्यांना पैसे लागतात आणि सरावाची जागा बहुधा जिल्ह्याच्या गावाला असते.

घरी ठेवण्याचा पेच आणखी वेगळा. लेकरं असलेल्या घरात हत्यार रिकामं करून कुलपात ठेवायचं, गोळ्या वेगळ्या कुलपात. पण मग रात्री कुत्रं भुंकलं तर दोन कुलपं उघडेपर्यंत काय? उशाखाली भरलेलं ठेवलं, तर पोराच्या हाती लागायची भीती. घरात रागाच्या भरात, दारूच्या नशेत किंवा जीव नकोसा झालेल्या क्षणी ते कुणाच्या हाती पडेल, हाही विचार करायला हवा.

कायदा कधी पाठीशी उभा राहतो?

स्वतःचा जीव वाचवण्याचा हक्क आपल्याला आहे. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ यांत तो दिला आहे. जिवावरचा हल्ला, बलात्काराच्या हेतूने केलेला हल्ला, पळवून नेणं, ॲसिड फेकणं अशा वेळी बचाव करताना हल्लेखोराचा जीव गेला, तरी कायदा बाईच्या बाजूने उभा राहू शकतो. मग हातात रिव्हॉल्वर असो, विळा असो की मुसळ.

पण हक्काला मर्यादा आहे. गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही. पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल, तर हा हक्क लागू होत नाही. शेळी चोरून पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घातली, तर तो बचाव ठरणार नाही. काल शिवी दिली म्हणून आज गोळी, हा तर सरळ गुन्हा. आणि बचाव खरा असला तरी चौकशी आणि कोर्टाच्या फेऱ्या चुकत नाहीत.

धोका कुणाचा?

हे सगळं घेऊन आम्ही त्या बाईकडे वस्तीवर गेलो. सांगून झालं. मग आम्ही विचारलं, "बाई, तुला भीती नेमकी कुणाची?" ती बराच वेळ चूल सारत राहिली. मग म्हणाली, "चोराची नाही ताई. धाकट्या दिराची. जमिनीवरून पिऊन येतो. गेल्या पोळ्याला दाराला लाथ मारली."

आम्ही गप्प झालो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालांत दर वर्षी हेच दिसतं की बलात्काराच्या दहापैकी नऊहून जास्त गुन्ह्यांत आरोपी त्या बाईच्या ओळखीचा असतो. शेजारी, नातलग, कामावरचा, घरातला. ओळखीच्या माणसावर बंदूक रोखायला हात धजत नाही, आणि जे हत्यार घरात आहे ते त्यालाही ठाऊक असतं.

"पोलिसात काही दिलंस का?" तर म्हणे, "घरची गोष्ट चव्हाट्यावर कशाला?" आठवतं ना, परवान्याच्या अर्जाला धमकीची नोंद लागते? तिच्याकडे एकही कागद नव्हता. म्हणजे उद्या बंदूक घ्यायची म्हटलं तरी पहिली पायरी तीच, आणि नाही घ्यायची म्हटलं तरी तीच.

मग पुढच्या आठवड्यात गटातल्या चौघी तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात गेल्या. लेखी तक्रार दिली, पोच घेतली. तलाठ्याकडे जाऊन सातबाऱ्यावर वारस नोंद झाली का ते बघितलं. झाली नव्हती, अर्ज दिला. तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्यांना भेटल्या. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली, एका घरात राहिलेल्या सासरच्या माणसाविरुद्धही कोर्टाकडून संरक्षण आदेश मागता येतो. तो मोडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतं. वकिलाचे पैसे नसतील तर विधी सेवा प्राधिकरणाकडे बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असलं तरी. त्यांचा नंबर १५१००.

वस्तीवर दिवा लागला. दाराला आतून लोखंडी अडसर बसला. लेकीने आजीच्या फोनमध्ये ११२ आणि १८१ हे नंबर टाकून दिले. शेजारच्या दोन वस्त्यांशी ठरलं, शिट्टी वाजली की तिन्हीकडून माणसं निघायची. मिरचीचा फवारा घेतला, त्याला परवाना लागत नाही, तो दाराजवळच्या खुंटीला आहे.

परवान्याचा अर्ज? तो तिने आणून ठेवलाय, अजून भरलेला नाही. परवा भेटली तेव्हा म्हणाली, "ताई, भरायचा की नाही ते कोर्टाचा आदेश आल्यावर ठरवीन. पण आता रात्री कुत्रं भुंकलं, तर मी एकटी उठत नाही. तीन वस्त्या उठतात."

मैत्रिणींनो, तुमच्या पुढच्या बैठकीत हप्ते झाले, वही मिटली, की एकमेकींना हाच प्रश्न विचारा : तुला भीती कुणाची वाटते? आणि उत्तर देणारीला हसू नका.