हातची छपाई, हातची शिवण

हाताने वस्तू घडविण्यातून शिक्षण द्यावे, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या शिक्षण परिषदेतून 'नई तालीम' पुढे आली. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने 'कार्यानुभवा'चा पुरस्कार केला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांनी दहा दिवस दप्तराविना, सुतार, कुंभार, माळी अशा स्थानिक जाणकारांच्या सहवासात शिकावे, अशी शिफारस केली आहे. तेव्हा धोरणाची उणीव आपल्याकडे कधीच नव्हती. प्रश्न आहे तो वेळापत्रकातील त्या तासिकेत प्रत्यक्षात काय घडते, हा. कार्यानुभवाच्या नावाखाली प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी बाजारातून आणलेली कागदी फुले, पालकांनी रात्री जागून पूर्ण केलेली शोभेची झोपडी आणि शिक्षकांनी भरलेली नोंदवही, हे दृश्य ज्याने पाहिले नाही असा शिक्षण विस्तार अधिकारी विरळाच असेल.

शोभेच्या वस्तूला परीक्षा नसते. ती वाकडी झाली तरी टेबलावर उभी राहते. वापराची वस्तू मात्र वापरणाऱ्याच्या हाती पडताच आपला निकाल सांगते. म्हणून ज्या वस्तूची गावात कोणाला तरी गरज आहे, अशीच वस्तू मुलांनी करावी. अशा दोन कामांचा परिचय येथे करून द्यावयाचा आहे. एक खिळ्यांनी करावयाची छपाई आणि दुसरे सायकलीसाठी लागणाऱ्या पिशव्या व आवरणे शिवणे. ही दोन कामे परस्परांपासून फार दूरची वाटतात. त्यांना जोडणारा दुवा पुस्तकबांधणीचा आहे, तो पुढे येईलच.

मराठी मुद्रणाचा आरंभच मुळी हातच्या खटपटीतून झाला. गणपत कृष्णाजी यांनी मुंबईत अमेरिकन मिशनचा छापखाना पाहिला आणि तशा प्रकारचे यंत्र स्वतः तयार करण्याचा ध्यास घेतला. त्यांनी लाकडी यंत्र करून पाहिले, शिळाप्रेससाठी दगडांच्या तुकड्यांवर प्रयोग केले, शाईही स्वतःच बनविली आणि १८३१ मध्ये मराठीतील पहिले छापील पंचांग प्रसिद्ध केले. छापील धर्मग्रंथ सोवळ्यात चालतील की नाही अशी शंका त्या काळी लोकांना वाटत असे. शाईत चरबी असते या समजुतीवर उपाय म्हणून त्यांनी तूप घालून शाई केल्याचे सांगतात. पुढे जावजी दादाजी यांनी त्याच मिशनच्या छापखान्यात लहानपणी हलक्या पगारावर काम केले, १८६४ मध्ये स्वतःचा खिळे पाडण्याचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला. निर्णयसागरच्या सुबक देवनागरी खिळ्यांमागे राणू रावजी आरू यांची कारागिरी होती. यांपैकी कोणालाही हा व्यवसाय शाळेत शिकावयास मिळाला नव्हता.

खिळा म्हणजे शिशाच्या मिश्रधातूचा एक छोटा उभा ठोकळा. त्याच्या माथ्यावर अक्षर उलटे, आरशात दिसावे तसे, उठावात असते. शिसे मऊ असते म्हणून त्याला कठीणपणा येण्यासाठी अँटिमनी आणि साच्यात धातू नीट भरावा म्हणून कथील मिसळतात. सर्व खिळ्यांची उंची अगदी एकसारखी, सुमारे २३.३ मिलिमीटर ठेवावी लागते. केसभर फरक पडला तरी एक अक्षर कागदावर रुतते व शेजारचे उमटतच नाही. खिळे लाकडी खणांच्या पेटीत, म्हणजे 'केस'मध्ये, ठरलेल्या घरांत ठेवलेले असतात. जुळारी डाव्या हातात धातूची 'स्टिक' धरतो, उजव्या हाताने एकेक खिळा उचलून त्याच्या अंगावरील खाच बोटाने चाचपतो आणि ओळ रचीत जातो. ओळीत उरलेली जागा कोऱ्या तुकड्यांनी सारखी भरून ओळ घट्ट करावी लागते. ओळी गॅलीवर उतरविणे, दोऱ्याने बांधणे, प्रूफ काढणे, दुरुस्ती करणे आणि लोखंडी चौकटीत पाचरी मारून मजकूर आवळणे, एवढे झाल्यावरच तो यंत्रावर चढतो. छपाईनंतर प्रत्येक खिळा पुन्हा आपल्या घरी गेला पाहिजे. हे शेवटचे काम कंटाळवाणे असते आणि अनेक छापखान्यांची शिस्त तेथेच ओळखू येत असे.

इंग्रजीला दोन केस पुरतात. मराठीचे तसे नाही. काना, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार, जोडाक्षरे यांमुळे देवनागरीच्या खिळ्यांची संख्या शेकड्यांनी मोजावी लागे. अक्षर, त्याच्या वरची मात्रा आणि खालचा उकार हे वेगवेगळे तुकडे एकावर एक बसविण्याची 'डिग्री' पद्धत आणि मात्रेसह अक्षर एकाच खिळ्यावर ओतण्याची 'अखंड' पद्धत, अशा दोन्ही रीती प्रचारात होत्या. लोकमान्य टिळकांनी केसरीच्या छपाईच्या निमित्ताने या संख्येवर बरेच परिश्रम घेतले व ती सुमारे १९० पर्यंत खाली आणणारी योजना तयार केली. या साऱ्या खटाटोपाचा सविस्तर इतिहास बापूराव नाईक यांनी लिहिला असून तो राज्याच्या भाषा संचालनालयाने १९७१ मध्ये 'टायपोग्राफी ऑफ देवनागरी' या नावाने प्रसिद्ध केला. भाषाशिक्षकाच्या दृष्टीने यात एक मोठी सोय आहे. 'क्ष', 'ज्ञ', 'त्र' या अक्षरांची फोड, रफार आणि रकार यांतील भेद, ऱ्हस्व-दीर्घाचा नेमका फरक या गोष्टी फळ्यावर दहा वेळा सांगूनही मनावर ठसत नाहीत. चुकीची वेलांटी स्वतःच्या बोटांनी उपसून दुसरी बसवावी लागली, की त्या विसरल्या जात नाहीत.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. शिसे विषारी आहे आणि लहान मुलांना त्याचा अपाय अधिक होतो. प्राथमिक शाळेत शिशाचे खिळे मुलांच्या हाती मुळीच देऊ नयेत. त्यांच्यासाठी लिनोलियमचा तुकडा, लाकडी ठसा किंवा जाड पुठ्ठ्यावर पुठ्ठ्याचीच अक्षरे चिकटवून केलेला ठोकळा पुरे आहे. उलटे अक्षर, सारखी उंची, शाईचा पातळ थर आणि समान दाब ही चारही तत्त्वे त्यातूनही शिकता येतात. वरच्या वर्गांत खिळे वापरावयाचे असल्यास शिक्षकाने समोर उभे राहावे, कामाच्या जागी खाणेपिणे नसावे, हात साबणाने धुतल्याखेरीज कोणी बाहेर जाऊ नये. खिळे वितळविण्याचा प्रयोग शाळेत कधीही करू नये.

छापलेला कागद घडी घालून शिवला की पुस्तक होते. एका मोठ्या कागदाच्या तीन घड्या घातल्या की सोळा पानांचा फर्मा तयार होतो. अशा फर्म्यांच्या पाठीवर भोके पाडून, दोरा एका फर्म्यातून दुसऱ्यात ओवीत नेण्याच्या रीतीस बांधणी करणारे जुजबंदी म्हणतात. जुजबंदीचे पुस्तक पूर्ण उघडते आणि त्याची पाने सुटत नाहीत. आज बाजारात येणारी बरीचशी पुस्तके केवळ डिंकावर उभी असतात व दुसऱ्या उन्हाळ्यात त्यांची पाने वाऱ्यावर जातात. गावोगावच्या सार्वजनिक ग्रंथालयांत अशा मोडक्या पुस्तकांचे गठ्ठे कपाटावर पडलेले असतात. आठवी-नववीच्या मुलांनी जुजबंदी शिकून महिन्याला दहा पुस्तके जरी उभी केली, तरी ते काम कोणत्याही प्रदर्शनापेक्षा मोलाचे ठरेल. कागदाबद्दल बोलावयाचे तर महाराष्ट्राला हातकागदाचीही परंपरा आहे. खुलताबादजवळील कागजीपुरा या गावाचे नावच ती सांगते आणि पुण्यातील हातकागद संस्था १९४० पासूनची आहे. परंतु शाळेने कागदनिर्मितीच्या मागे लागू नये असे मला वाटते. त्याला पाणी फार लागते आणि टंचाईच्या तालुक्यात ते परवडणारे नाही.

जुजबंदीसाठी लागणारी सामग्री म्हणजे आरी, जाड सुई, मेण लावलेला दोरा आणि पट्टी. हीच सामग्री घेऊन मुले कॅनव्हासकडे वळू शकतात. मानव विकास कार्यक्रमाखाली अनेक तालुक्यांतील गरजू विद्यार्थिनींना शाळेत जाण्यासाठी सायकली देण्यात आल्या. सायकल आली, पण दप्तर पाठीवर, डबा हॅन्डलला आणि पावसाळ्यात वह्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, ही स्थिती बहुतेक ठिकाणी राहिली. हॅन्डलला लटकविलेला डबा वळणावर हेलकावे घेतो व तोल जातो. कॅरिअरला बांधता येणारी पिशवी हा त्यावर साधा उपाय आहे.

पिशवीसाठी जुनी ताडपत्री, कॅनव्हास किंवा जीनच्या जुन्या विजारी चालतात. खताच्या विणलेल्या गोण्या धुऊन वापरता येतात, मात्र त्यांच्या कडा भराभर उसवतात म्हणून कड दोनदा दुमडून शिवावी. कीटकनाशकांची वेष्टने कोणत्याही परिस्थितीत घेऊ नयेत. तयार बाजू ३० सेंटिमीटर रुंद हवी असेल तर दोन्हीकडे दीड सेंटिमीटर शिवणीसाठी सोडून कापड ३३ सेंटिमीटर कापावे लागते. हा हिशेब चुकला की वही आत जात नाही, आणि गणिताच्या शिक्षकाला याहून बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही. पायमशीनवर जाड कापडासाठी १६ किंवा १८ क्रमांकाची सुई घालावी व टीप लांब ठेवावी. बारीक टिपेने जाड कापडाला भोकांची रांग पडते आणि ते ओल्या कागदासारखे तेथेच फाटते. मशीन नसेल तेथे दाभण आणि मेणाचा दोरा घेऊन हाताने उलटी टीप घालावी. एक टाका तुटला तरी शेजारचे धरून राहतात, हा तिचा गुण. पट्ट्यांसाठी पलंगाची नवार उत्तम. ती पिशवीला जोडताना चौकोनी टीप घालून मध्ये फुली मारली की भार चारही बाजूंस वाटला जातो.

खरी कसोटी सायकलीवरच लागते. पिशवी कॅरिअरवर फार पुढे आली तर पायडल मारताना टाच तिच्यावर आपटते, म्हणून सायकलीवर प्रत्यक्ष बसून जागा ठरवावी. चाकाकडील बाजूस पुठ्ठा किंवा पातळ फळी घातली नाही, तर भरलेली पिशवी फुगून आऱ्यांना लागते. पट्ट्यांची मोकळी टोके शिवून टाकावीत. ओढणीप्रमाणेच तीही चाकात जातात. मागचा लाल परावर्तक झाकला जाता कामा नये. पिशवीची झडप पुढून मागे झाकणारी असावी, कारण पाऊस सायकलस्वाराच्या समोरून येतो. ज्यांना एवढे मोठे काम प्रारंभी जमणार नाही त्यांनी नाडीने आवळणारे सीटचे आवरण करावे, किंवा पाने, पंक्चरचे सोल्यूशन आणि रबराचे तुकडे ठेवण्यासाठी कप्प्यांची कापडी गुंडाळी शिवावी. या गुंडाळीला फक्त सरळ टिपा लागतात.

पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. विद्यार्थ्यांनी गावाला लागणारी कामे मोबदला घेऊन करावीत आणि त्यातूनच तंत्र शिकावे, हे त्या प्रयोगाचे सूत्र. ग्रामपंचायतींना त्यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. पंचायतीने शाळेकडे अनुदान देण्यापेक्षा काम द्यावे. ग्रंथालयाची पुस्तके बांधणे, अंगणवाडीच्या भिंतीसाठी ठशांनी अक्षरतक्ते छापणे, सायकली मिळालेल्या मुलींसाठी पिशव्या शिवणे, ही सारी मुदत ठरवून व दर ठरवून देण्याजोगी कामे आहेत. खराब माल परत करण्याचा अधिकारही पंचायतीने राखून ठेवावा. मुलांचे काम म्हणून कौतुकाने स्वीकारलेली उसवलेली पिशवी कोणाच्याच उपयोगाची नसते. मिळालेल्या पैशांचा हिशेब मुलांनीच ठेवावा. त्यावरून वाद होतील, ते होऊ द्यावेत.

छापखान्यांच्या बाबतीत मात्र वेळ थोडा उरला आहे. ऑफसेट व संगणक आल्यानंतर तालुक्याच्या गावांतील खिळ्यांचे छापखाने बंद पडत गेले. काही ट्रेडल यंत्रे बिलबुकांवर क्रमांक टाकण्यासाठी किंवा खोक्यांचे पुठ्ठे कापण्यासाठी अद्याप चालतात, पण खिळे बहुतेक ठिकाणी भंगाराच्या वजनावर गेले. आपल्या परिसरात असा एखादा बंद छापखाना असेल तर माध्यमिक शाळेने व पंचायतीने मिळून त्याच्या मालकाशी आताच बोलावे. खिळ्यांवर पांढरी भुकटी दिसल्यास ती फुंकू किंवा झटकू नये, कारण ते शिशाचेच क्षार असतात. अशा केस बाजूला ठेवून जाणकाराला दाखवाव्यात. चांगले खिळे घेताना केस उलट्या करून पोत्यात भरण्याचा मोह टाळावा. कोणते अक्षर कोणत्या घरात, हे प्रत्येक केसवर लिहिलेले नसते, ते जुन्या जुळाऱ्याच्या हाताला ठाऊक असते. तो गावात असेल तर त्याला मानधन देऊन दोन दिवस शाळेत बोलवावे आणि घरांचा नकाशा मुलांकडून त्याच्यासमोर काढून घ्यावा.