नेकारकाठी भेटलं धुळ्याचं घर

डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, दोन किलो बिबडे आणि एक कागद, एवढं घेऊन गेल्या वर्षी एप्रिलात मी लेकीच्या बाळंतपणाला जर्मनीला गेले. विमानतळावरच्या माणसानं बिबड्यांवर बोट ठेवून शंभर प्रश्न विचारले. कागदाकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही.

कागद होता आमच्या धुळ्याच्या वाड्याचा. वाडा पाडायचा, तिथे चार मजली इमारत, तळाला दुकानं, तिघा भावांना एकेक फ्लॅट. मोठ्या जाऊबाई नाशिकला असतात. त्यांनी निघताना तो माझ्या हातात दिला. "वाचून ठेव, आल्यावर सह्या करून टाकू." ह्यांनी तर हातच वर केले. म्हणाले, "त्या घरात दिवसभर तू राबलीस, मी नाही. तू सांगशील तसं करीन."

खोटं कशाला बोलू, मी 'करा सही' असंच सांगणार होते. १९८३ साली लग्न होऊन आले तेव्हापासून त्या घरानं माझा छळच मांडलेला. अंधारं माजघर. जिन्याच्या पायऱ्या अशा उभ्या, की हातात ताट असलं तर देवाचं नाव घेऊनच चढायचं. धाब्यावर दरवर्षी पावसाळ्यापूर्वी पांढरी माती पसरायची, तरी श्रावणात परातीनं गळती धरायचीच. पाहुणे येऊन म्हणायचे, "काय गार वाटतं हो तुमच्याकडे!" बैशाखात बाहेर पंचेचाळीस अंश असतं, तेव्हा गार वाटायचं हे खरं. पण त्या गारव्यामागे वर्षातून दोनदा भिंती कोण लिंपतं, हे त्यांनी कधी विचारलं नाही.

तर लेक राहते श्टुटगार्टला. मुंबईशी ह्या शहराचं १९६८ पासून भगिनीशहराचं नातं आहे म्हणे. शहर मोठं, कारखान्यांचं. दुसऱ्या महायुद्धात बाँबनी बरंचसं भाजून निघालेलं, त्यामुळे पुष्कळशी वस्ती नवीच. बाळाला सव्वा महिना झाला तशी लेक म्हणाली, "आई, तू आल्यापासून स्वयंपाकघरातच आहेस. चल, एसलिंगेनला जाऊन येऊ. लोकलनं पाव तास."

एसलिंगेन हे नेकार नदीकाठचं जुनं गाव. युद्धात ते बहुतेक वाचलं. गावामागच्या उतारावर द्राक्षांचे मळे, मधे दगडी फरसबंदीच्या गल्ल्या. (मैत्रिणींनो, असल्या गल्लीत बाबागाडी नेऊ नका. बाळ हिंदकळून जागं होतं आणि मग गाव कोण बघतो?) एका चौकाचं नाव हाफेनमार्क्ट. लेकीनं सांगितलं, तिकडच्या बोलीत हाफेन म्हणजे मडकं. मडक्यांचा बाजार! म्हणजे आपला कुंभारवाडाच की, म्हणून मी हसत होते. हसता हसता मान वर केली आणि हसू थांबलं.

समोर घरांची रांग होती. लाकडाचे उभे खांब, त्यांवर आडव्या तुळया, घर हलू नये म्हणून मधूनमधून तिरके टेकू, आणि लाकडांच्या मधल्या चौकोनांत पांढरी भिंत. ही घरं १३२८ ते १३३१ ह्या काळात बांधलेली. सलग रांगेतली इतकी जुनी लाकडी सांगाड्याची घरं जर्मनीत दुसरीकडे नाहीत, असं सांगतात. साल इतकं नेमकं कसं कळलं म्हणाल, तर लाकडातली वर्तुळं मोजून. झाड दरसाल एक वर्तुळ वाढवतं, पावसाच्या वर्षी रुंद, दुष्काळात अरुंद. त्या रुंद-अरुंदाच्या नक्षीवरून झाड कधी तोडलं ते काढता येतं.

मी लेकीला म्हटलं, "अगं, हे आपलं घर आहे!" ती म्हणाली, "आई, ऊन लागलं का तुला?"

पण मी सांगते, ते आपलंच घर. ह्या बांधणीला ते लोक फाखवेर्क म्हणतात. फाख म्हणजे काय? खण! कपाटाचा खण म्हणतो ना, तोच शब्द. आणि आपण घर कशात मोजतो? "वाडा किती खणांचा?" असंच ना? त्यांचं लाकूड ओकचं, आपलं सातपुड्यातलं नि डांगातलं सागवान. त्यांचे खण पूर्वी काटक्या विणून, वर माती नि गवताचा भुसा थापून भरलेले. आपला कूड वेगळा असतो का? खानदेशात कपाशीच्या पऱ्हाट्या नाहीतर तुरकाठ्या, वर शेणमाती. फरक एवढाच, की त्यांचा सांगाडा बाहेर मिरवतो नि आपला जाड भिंतीच्या आत राहतो. शिवाय आपलं छप्पर सपाट, कारण त्यांना बर्फ घसरवायचं असतं नि आपल्याला कुरडया वाळवायच्या असतात.

लेकीच्या ऑफिसातली एक बाई ह्याच गावात, चारशे वर्षांच्या एका घरात राहते. तिनं कॉफीला बोलावलं होतं. पर्यटक लोक घराचे फोटो काढतात. मी आत गेल्यावर पहिलं काय विचारलं असेल? "मोरी कुठे आहे?" लेक लाजली, पण ती बाई खूष झाली. तिनं सगळं घर उघडून दाखवलं. स्वयंपाकघर लखलखीत, नळाला गरम पाणी, न्हाणीघर आत, संडास आत. डोक्यावर मात्र त्याच काळ्या तुळया. माझ्या मनात वाडा म्हणजे अंधार नि धूर अशी जी गाठ बसली होती, ती तिथे सैल झाली. धूर वाड्याचा नव्हताच, चुलीचा होता.

तिच्या तक्रारीही ऐकल्या. जमीन इतकी कललेली, की टेबलाच्या दोन पायांखाली लाकडाच्या चकत्या. खिडकी बदलायची तर परवानगी, बाहेरून रंग बदलायचा तर परवानगी. दुरुस्तीचा खर्च विचारूच नका, म्हणाली. पण अशा घराच्या दुरुस्तीवर तिकडे आयकरात सूट मिळते. आणि हे शहाणपण त्यांना जन्मजात आलेलं नाही बरं का. आधी दगडी घराचा रुबाब यावा नि आगीची भीती कमी व्हावी म्हणून कित्येकांनी ही लाकडं गिलाव्याखाली झाकली होती. युद्धानंतर जुनी घरं पाडून सिमेंटच्या इमारती उठवायची हौसही पुष्कळ गावांनी भागवून घेतली. १९७५ हे साल युरोपभर वास्तुवारशाचं वर्ष म्हणून पाळलं गेलं. त्या सुमारास वारं फिरलं.

निघताना तिनं एक गोष्ट सांगितली. तिच्या घराला मधल्या काळात कुणीतरी सिमेंटचा गिलावा केला होता. मातीची नि चुन्याची भिंत ओल पिते नि परत सोडते. सिमेंट ओल सोडत नाही, ती लाकडाच्या अंगाला धरून ठेवते, आणि लाकूड आतून सडतं. तो सगळा गिलावा खरवडून पुन्हा माती-चुन्याचा करावा लागला. लेक भाषांतर करत होती नि माझ्या घशाखाली कॉफी उतरेना. का, ते सांगते.

धुळ्याला परतल्यावर मी जुनं गॅझेटियर मिळवून वाचलं. आमच्या ह्या गल्ल्या एक नंबर, दोन नंबर अशा पट्टीनं आखल्यासारख्या का, हे इतकी वर्षं मला माहीतच नव्हतं. कॅप्टन ब्रिग्जनं धुळं हे खानदेशाचं मुख्य ठाणं केलं, त्या सुमारास, १८१९ साली, इथे होती फक्त ४०१ घरं नि २,५०९ माणसं. नव्या पेठेत राहायला या म्हणून कायमच्या बिनभाड्याच्या जागा दिल्या, आणि पक्की घरं बांधायला जुन्या रहिवाशांना नि बाहेरून येणाऱ्यांना उचलही दिली. म्हणजे चांगलं घर उभं राहायला सरकारचा हात लागतो, हे दोनशे वर्षांपूर्वी धुळ्यात ठाऊक होतं. पुढे १८७२ साली पांझरेला मोठा पूर येऊन पुष्कळ घरांची नासाडी झाली. आमचा वाडा त्या पुरानंतरचा, असं सासूबाई सांगायच्या. पाडण्याची गोष्ट पहिल्यांदा निघाली, तेव्हा त्या अहिराणीत एवढंच म्हणाल्या होत्या, "घर मोडाले एक दिन लागस." पुढचं आम्हीच समजायचं.

माझं माहेर जुन्या जळगावचं, राममंदिराजवळचं. कार्तिकी एकादशीला रथ निघाला की माडीच्या खिडकीत आम्हा बहिणींची रेटारेटी. ते घर १९९६ साली पाडलं. खांब, कड्या, दाराच्या चौकटी जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यानं एकाच ट्रकमध्ये नेल्या. मी तेव्हा आईला म्हटलं होतं, "बरं झालं, तुझं लिंपण सुटलं." आई काही बोलली नाही. रथ आता त्या जागी दुकानाच्या पाट्यांवरून बघायचा.

तर गेल्या दिवाळीनंतर एका म्हाताऱ्या सुतारांना घरी बोलावलं. त्यांनी सगळा दिवस घातला. खांबाखांबाला हातोडीच्या दांड्यानं ठोकायचं नि कान लावायचा. खणखणीत वाजलं तर पुढे, बद्द वाजलं तर टोच्या घालून बघायचं. (तुमच्या घरी जुनं लाकूड असेल तर हे तुम्हालाही जमेल. खांबाच्या बुडाशी आधी बघा, वाळवी नि ओल तिथूनच चढतात. खांबालगत बादल्या ओतून फरशी धुऊ नका.) सोळा खांबांपैकी पंधरा खणखणीत. सुतारबाबा म्हणाले, "असं सागवान आता कुठे मिळायचं, ताई." सोळाव्याशी मात्र ते थबकले. टोच्या वीतभर आत गेला.

तो खांब मोरीलगतचा. १९८८ साली मी हट्टानं माजघराच्या कोपऱ्यात मोरी करून घेतली होती. सासऱ्यांचा विरोध होता. ते म्हणत होते, खांबाजवळ पाणी नको. मी दोन दिवस अबोला धरला आणि वर त्या भिंतीला सिमेंटचा गिलावाही करवून घेतला. केवढा अभिमान होता मला त्या गुळगुळीत भिंतीचा! सुतारबाबांना मी हे सांगितलं नाही. ह्यांनीही नाही सांगितलं, नुसते माझ्याकडे बघून मिशीत हसले.

हिशेब मांडला. एक खांब बदलायचा, मोरी मागच्या अंगणाकडे हलवायची, गिलावा काढायचा, धाब्यावरची माती उतरवून वरून पत्रा घालायचा. खर्च लहान नाही. धाकट्या दिरांना मुलीच्या लग्नासाठी पैसा हवा आहे, त्यांना वाड्याचं कौतुक परवडायचं कसं, हेही मला कळतं. त्यांच्या वाट्याचं काय करायचं ह्यावर ह्यांची नि त्यांची दोनदा बैठक झाली, तिसरी व्हायची आहे.

मोठ्या जाऊबाईंचा परवा पुन्हा फोन. "काय ठरवलंत? सही कधी करताय?"

मी म्हटलं, "जाऊबाई, गुरुवारी सुतार येतोय. आधी माझी मोरी हलवते, मग बोलू."