बंदी नावावर, बाजार गुणावर

मुंबई-पुण्यात ‘एमडी’ या नावाने विकले जाणारे मेफेड्रोन १९२९ साली प्रथम तयार झाले आणि पुढे कित्येक दशके रसायनशास्त्राच्या ग्रंथांतच पडून राहिले. चालू शतकाच्या आरंभी त्याला बाजार मिळाला. तो का मिळाला, याचे उत्तर त्याच्या मेंदूवरील क्रियेत आहे.

मेंदूतील पेशी निरोप पोहोचवण्यासाठी डोपामिन, सेरोटोनिन यांसारखी द्रव्ये सोडतात आणि काम होताच ती परत आत ओढून घेतात. मेफेड्रोन आत ओढण्याची ही क्रियाच उलटी फिरवते व साठवलेली द्रव्ये बाहेर वाहू लागतात. उत्साह, अखंड बडबड, निद्रानाश आणि हृदयाची धडधड ही त्याची फळे. हा अंमल काही तासांतच ओसरतो; मागे उरते खिन्नता आणि पुन्हा घेण्याची ओढ. उपभोग वाढला की सीमांत उपयोगिता घटते आणि ग्राहक हात आखडता घेतो, असे अर्थशास्त्र सांगते. येथे सुख घटते, पण मागणी वाढत जाते.

अशा मागणीपुढे केवळ नावावर घातलेली बंदी अपुरी पडते. ब्रिटनने एप्रिल २०१० मध्ये मेफेड्रोनवर बंदी घालताच नॅफिरोन हे त्याचे भावंड पुढे आले. जुलैमध्ये तेही निषिद्ध करावे लागले. अखेर २०१६ मध्ये तेथे, काही अपवाद वगळता, मनावर परिणाम करणाऱ्या द्रव्यांचा व्यापारच सरसकट गुन्हा ठरला. भारताने फेब्रुवारी २०१५ मध्ये मेफेड्रोनचा समावेश अंमली पदार्थ कायद्याच्या यादीत केला. तरीही फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांना कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतील कारखान्यात त्याचा शेकडो किलोंचा साठा सापडला.

म्हणून छापे थांबवावेत असे नव्हे. परंतु पुरवठा तोडताना मागणीकडे पाठ फिरवून चालणार नाही. याच कायद्याचे कलम ६४-अ, स्वेच्छेने उपचार घेऊ इच्छिणाऱ्या व्यसनाधीनास सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्याबद्दल खटल्यापासून संरक्षण देते. हे किती पालकांना व शिक्षकांना ठाऊक आहे? अब्रूच्या भीतीने मुलाचे व्यसन लपवणारे घर नकळत विक्रेत्याचा ग्राहकच राखून ठेवते. कायद्याने उघडे ठेवलेले हे दार समाजाने लाजेपोटी बंद करू नये.