शनिवार मोकळा झाला, पण कुणाचा?

शाळेचा आठवडा एका दिवसाने कमी करायचा म्हटले, की मुले टाळ्या पिटतात, शिक्षकांना हायसे वाटते आणि घरातली आई मात्र विचारात पडते. यांपैकी खरे कुणाचे, हे पाहायचे तर जपानकडे वळावे, असे मला वाटते. त्या देशाने हा प्रयोग घाईने नव्हे, तर तब्बल दहा वर्षे घेऊन केला.

आपल्यासारखीच तिथेही शनिवारी अर्ध्या दिवसाची शाळा असे. मे १९९२ मध्ये जपानच्या केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा मिळाला. त्याच वर्षी सप्टेंबरपासून शाळांना महिन्यातला दुसरा शनिवार सुटीचा झाला. १९९५ मध्ये चौथ्या शनिवारची त्यात भर पडली आणि एप्रिल २००२ पासून सरकारी शाळांचे सगळेच शनिवार मोकळे झाले. अभ्यासक्रमही सुमारे तीस टक्क्यांनी उतरवला गेला. या धोरणाचे नाव ‘युतोरी’, म्हणजे ऐसपैसपणा. प्रवेश परीक्षांच्या चरकातून निघणाऱ्या पोरांना जरा उसंत मिळावी, घरादारात रमता यावे, हा हेतू. त्यात खोट काढावी असे काही नव्हते.

पण रिकामा दिवस रिकामा राहत नाही! ‘जुकू’ नावाचे खासगी शिकवणीवर्ग जपानात आधीपासूनच गल्लोगल्ली होते. अनेक खासगी शाळांनी तर शनिवारचे तास चालूच ठेवले. ज्यांच्या गाठीला पैसा होता, त्यांच्या मुलांचा शनिवार अभ्यासाचाच राहिला. ज्यांना परवडत नव्हते, त्यांच्या मुलांना खरीखुरी सुटी मिळाली आणि तीच पालकांना सलू लागली.

पुढे ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत २००० साली गणितात पहिला असलेला जपान २००३ मध्ये सहावा आला. वाचनात आठव्यावरून चौदावा. देशभर काहूर उठले. सारे खापर युतोरीवर फुटले. वास्तविक, ती मुले नव्या अभ्यासक्रमात जेमतेम वर्षभर शिकली होती. तरी २०११ पासून प्राथमिक शाळांचे तास पुन्हा वाढले आणि २०१३ मध्ये शनिवारी वर्ग भरवण्याची वाट स्थानिक शिक्षण मंडळांसाठी सोपी करण्यात आली.

मला यातून सुटी वाईट, असे म्हणायचे नाही. मुलांना मोकळीक हवीच. पण शाळेने सोडलेला दिवस कुणाला तरी उचलावा लागतो, आणि तो प्रत्येक घर आपापल्या ऐपतीप्रमाणे उचलते.

महाराष्ट्रात सरकारी कार्यालयांचा आठवडा २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांचा झाला. मग शाळांचा का नको, असे कुणीही विचारील. विचारावे, पण शहरातल्या क्लासला जाणाऱ्या मुलापुरताच विचार करू नये. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलाला शाळेचा दिवस म्हणजे पोटभर गरम जेवणही असते. आई-बाप रानात मजुरीला गेलेले असतात. त्या दिवशी त्याच्यावर लक्ष कुणी ठेवायचे? वाचनालय, मैदान, दुपारचे जेवण आणि देखरेख करणारे माणूस, एवढी सोय गावात आधी करा; मग खुशाल एक दिवस कमी करा. नाही तर सुटी सर्वांना सारखी मिळेल, पण तिचा लाभ मात्र मोजक्याच घरांना होईल.