स्पर्धा दारात, सेवा वाऱ्यावर

परभणी शहरात घरोघरी इंटरनेटची जोडणी देऊ पाहणाऱ्यांची आज वाण नाही. सरकारी भारत संचार निगम आहे, देशभर जाळे विणणाऱ्या खासगी कंपन्या आहेत, आणि काल-परवापर्यंत दूरचित्रवाणीची केबल टाकणारे व आता फायबरची तार ओढणारे गल्लीतले केबलवालेही आहेत. विजेच्या खांबांवर लोंबणारी काळ्या तारांची वेटोळी पाहिली, म्हणजे या शहराची सेवा करण्यास किती जण आतुर आहेत याची खात्री पटते. अर्थशास्त्राच्या पुस्तकात असे लिहिलेले असते की, जेथे विक्रेते अनेक तेथे ग्राहक राजा. आमच्या या राजाचे राज्य मात्र तार घरात येऊन राउटरवरचा हिरवा दिवा लागेपर्यंतच टिकते. तो दिवा ज्या दिवशी लाल होतो, त्या दिवसापासून राजा रयत होतो, आणि रयतेचे गाऱ्हाणे ऐकण्यास कोणी दरबार भरवलेला नसतो.

ही तक्रार किरकोळ आहे, तिला पहिल्या पानावर जागा कशाला, असे काही वाचकांस वाटेल. आम्हांस तसे वाटत नाही. अभियांत्रिकी व वैद्यकीय प्रवेशाच्या फेऱ्यांत पसंतीक्रम भरावयाचा तो संगणकावर, स्पर्धा परीक्षांचे अर्ज भरावयाचे ते संगणकावर, पीकविम्याची नोंद, सातबाराचा उतारा, दाखल्यांचे अर्ज सारे त्याच वाटेने जाते. या प्रत्येक गोष्टीला अखेरची तारीख असते, आणि 'आमच्या गल्लीत तीन दिवस नेट नव्हते' ही सबब कोणतेही सरकारी संकेतस्थळ ऐकून घेत नाही. १९२०च्या नव्हे, २०२०च्या महामारीत पुण्या-हैदराबादहून घरी परतलेल्या आमच्या तरुणांपैकी ज्यांनी गंगाखेडला, सेलूला वा मानवतला बसून नोकरी चालू ठेवली, त्यांची तर भाकरीच या तारेला बांधलेली आहे. मुलाने गावात राहून कमवावे, आईबापांजवळ असावे, ही मराठवाड्यातल्या घरांची जुनी इच्छा प्रथमच शक्य कोटीत आली आहे. ती एका सैल जोडामुळे मोडू नये, इतकेच मागणे आहे.

एकच पुरवठादार होता तो काळ आम्ही विसरलेलो नाही, आणि त्याचे गोडवे गाण्याचीही आमची इच्छा नाही. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सामान्य नागरिकांसाठी इंटरनेट खुले केले ते मुंबई-दिल्लीसारख्या महानगरांत. परभणीच्या वाट्याला ते यावयास पुढे बराच काळ जावा लागला. १ ऑक्टोबर २००० रोजी भारत संचार निगमाची स्थापना झाली, आणि २००४ मध्ये सरकारने ब्रॉडबँडची पहिली व्याख्या केली तेव्हा २५६ केबीपीएस एवढ्या वेगालाही ते भारदस्त नाव देण्यात आले. जानेवारी २०२३ पासून ती मर्यादा २ एमबीपीएस झाली. त्या जुन्या काळी तांब्याची तार पावसात भिजे, फोन मुका होई, आणि लाइनमनची वाट पाहण्यात आठवडा जाई. पण तो लाइनमन कोण हे ठाऊक असे. कार्यालय कोठे, साहेब कोण, कोणाच्या टेबलासमोर उभे राहून आवाज चढवावा, हे सारे माहीत असे. सेवा वाईट होती. परंतु तिला पत्ता होता.

पुढे ते कार्यालयच रिकामे झाले. ३१ जानेवारी २०२० रोजी स्वेच्छानिवृत्ती योजनेखाली भारत संचार निगमातून सुमारे ७८ हजार कर्मचारी एकाच दिवशी बाहेर पडले. निगमाने फायबरच्या जोडण्या देण्याचे व त्या राखण्याचे काम पुष्कळ अंशी स्थानिक भागीदारांकडे सोपवले. दुसरीकडे ५ सप्टेंबर २०१९ रोजी जिओची फायबर सेवा व्यापारी तत्त्वावर सुरू झाली, आणि अवघ्या दोन वर्षांत तिने देशात पहिले स्थान पटकावले. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२१च्या आकड्यांत जिओचे तारेवरील ब्रॉडबँड ग्राहक ४३ लाखांवर होते आणि निगमाचे ४२ लाख. सप्टेंबर २०१९ मध्ये हेच निगम ८६ लाखांहून अधिक ग्राहक बाळगून होते. इतक्या ग्राहकांनी घर बदलावे तसा पुरवठादार बदलला, याला स्पर्धा म्हणावयाचे नाही तर काय? दर उतरले, वेग वाढला, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो.

परंतु ही स्पर्धा कशाची आहे ते नीट पाहिले पाहिजे. ती नव्या ग्राहकाची आहे. असलेल्या ग्राहकाची नाही. जोडणी घेण्याच्या दिवशी दोन तरुण हसतमुखाने दारात येतात, राउटर फुकट, बसवणूक फुकट, सहा महिन्यांचे वा वर्षाचे पैसे आगाऊ भरल्यास एक महिना वर. मध्यमवर्गीय माणूस हिशेबी असतो. तो आगाऊ भरतो. त्या क्षणी त्याने आपल्या हातातले एकुलते शस्त्र खाली ठेवले हे त्याला पुढे कळते. मोबाइलच्या बाबतीत २० जानेवारी २०११ पासून देशभर क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याची सोय झाली, आणि 'चाललो दुसरीकडे' एवढे म्हटले की कंपन्या कशा नरमतात हे सर्वांनी अनुभवले. घरच्या इंटरनेटला तसा क्रमांक नाही, पण आगाऊ भरलेल्या पैशांची बेडी आहे. पाच महिन्यांचे पैसे ज्याच्या गल्ल्यात पडून आहेत, त्याला 'चाललो' म्हणण्यात काय अर्थ?

बरे, गेला तरी तो जातो कोठे? खांबावरून घरापर्यंतचा शेवटचा पल्ला पुष्कळदा स्थानिक माणसाच्याच हाती असतो. बिलावरचे नाव पालटते. शिडी घेऊन येणारा मुलगा कधी कधी तोच असतो. या मुलांविषयी आम्ही वावगे बोलणार नाही. रात्री नऊ वाजता, पावसात, मोटारसायकलवर तार जोडण्याचे यंत्र बांधून तो येतो, आणि त्याच्या एकट्याच्या माथ्यावर किती मोहल्ले टाकलेले असतात ते त्यालाच ठाऊक. गल्लीतला केबलवालाही हाकेला धावतो, कारण त्याला त्याच गल्लीत तोंड दाखवावयाचे असते. मात्र त्याच्याकडे पुष्कळ वेळा पावती नसते, तक्रारीचा क्रमांक नसतो. आणि जेथे कागद नाही तेथे कायदा हात जोडून उभा राहतो. मोठ्या कंपन्यांकडे याच्या उलट. तेथे कागद सारा आहे. यंत्रातला मधुर आवाज आहे, एक दाबा, दोन दाबा आहे, क्रमांक आहे, आणि कोणी दारात न येताच 'आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे' असा संदेशही आहे. माणूस तेवढा नाही.

जाहिरातीतल्या 'पर्यंत' या अव्ययाविषयीही दोन शब्द लिहिणे भाग आहे. '१०० एमबीपीएसपर्यंत' म्हणजे शंभराच्या खाली काहीही. एका तंतूतून ३२ वा ६४ घरांना वाटणी करता येते, आणि संध्याकाळी सारी घरे एकदम जागी झाली की प्रत्येकाच्या वाट्याला येणारी धार बारीक होते. यात लबाडी आहे असे नव्हे. यंत्ररचनाच तशी आहे. पण दूधवाल्याने 'एक लिटरपर्यंत' दूध घालण्याचा करार केला, तर आपल्या घरातली गृहिणी तो करार किती दिवस चालू देईल?

आता कायद्याकडे वळू, कारण कायदा नाही अशी स्थिती मुळीच नाही. नियामक प्राधिकरणाने ऑगस्ट २०२४ मध्ये सेवेच्या दर्जाचे नवे नियम जाहीर केले व ते १ ऑक्टोबर २०२४ पासून अमलात आले. त्यांप्रमाणे पैसे भरल्यापासून सात दिवसांत जवळजवळ सर्व जोडण्या चालू झाल्या पाहिजेत, आणि तारेवरील सेवेतला बिघाड तीन दिवसांत दूर न झाल्यास ग्राहकास भरपाई दिली पाहिजे. २०१२च्या तक्रार निवारण नियमांप्रमाणे प्रत्येक तक्रारीस क्रमांक देणे बंधनकारक आहे. समाधान न झाल्यास कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे विनामूल्य दाद मागता येते, आणि त्याने ३९ दिवसांत निर्णय द्यावयाचा असतो. त्याच्याही पलीकडे जिल्हा ग्राहक आयोग आहे. दूरसंचाराच्या तक्रारी तेथे चालत नाहीत, असे २००९च्या एका निकालाच्या आधारे कंपन्या वर्षानुवर्षे सांगत असत. अहमदाबादच्या एका ग्राहकाला, ज्याचे मासिक बिल साडेपाचशेच्या आसपास असे, एका महिन्यात २४ हजारांहून अधिक रुपयांचे बिल आले; तो लढला, आणि १६ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा तक्रारी ग्राहक मंचापुढे चालतात असा निर्वाळा दिला. २०१९च्या कायद्याने तर ग्राहकास आपण राहतो त्याच ठिकाणी तक्रार गुदरण्याची मुभा दिली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारास शुल्क नाही, वकील लागत नाही. कंपनीचे मुख्यालय मुंबईस असो वा दिल्लीस, तिला परभणीस यावे लागेल.

मग परभणीकर जात का नाहीत? उत्तर साध्या त्रैराशिकात आहे. दरमहा ६०० रुपये मोजणाऱ्याचे आठ दिवस बुडाले, तर त्याचे नुकसान होते १६० रुपयांचे. एवढ्यासाठी कार्यालयातून रजा घेऊन आयोगाच्या तारखा कोण करणार? ग्राहक हा हिशेब करतो आणि गप्प बसतो. कंपनीनेही तोच हिशेब आधी करून ठेवलेला असतो. म्हणून एकेकट्याच्या भांडणाने हा प्रश्न सुटेल असे आम्हांस वाटत नाही. तो उजेडाने सुटेल, आणि नेमका तेथेच अंधार आहे.

सेवेच्या दर्जाचे आकडे प्राधिकरण प्रसिद्ध करते, पण ते परिमंडळनिहाय. आमचे परिमंडळ मुंबई वगळून सारा महाराष्ट्र आणि शिवाय गोवा. पुण्यातल्या सोसायटीत दोन तासांत जोडलेली तार आणि पालम वा सोनपेठ येथे नऊ दिवस तुटलेली तार यांची एकत्र सरासरी निघते, आणि ती सरासरी उत्तीर्ण होते. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही म्हण आमच्या शहराने पुष्कळ वर्षे हसून सोसली. कंपन्यांच्या कोष्टकांत परभणीचे स्थान आजही त्या म्हणीतलेच आहे.

जिल्हा हे एकक प्राधिकरणास अपरिचित आहे, असेही म्हणता येत नाही. २०२४च्या याच नियमांत, एखाद्या जिल्ह्यातले जाळे २४ तासांहून अधिक काळ बंद पडल्यास त्या जिल्ह्यातल्या ग्राहकांना सूट वा वाढीव मुदत द्यावी असे म्हटले आहे. जे एकक जाळे कोसळल्यावर चालते, ते तार तुटल्यावर का चालू नये? परभणी जिल्ह्यात, नऊ तालुक्यांत, कोणत्या पुरवठादाराकडे महिन्यात किती बिघाड नोंदले गेले, त्यांपैकी किती दुसऱ्या दिवशी आणि किती तीन दिवसांनंतर दुरुस्त झाले, आणि किती जणांस भरपाई मिळाली, हे चार आकडे दर तिमाहीस प्रसिद्ध व्हावेत, अशी आमची स्पष्ट मागणी आहे. ते आकडे कंपन्यांपाशी आहेत. क्रमांक देऊन नोंदलेल्या तक्रारी कोठे हरवत नाहीत. आम्ही ते याच पानावर छापू. नवी जोडणी घेणारा मग राउटर फुकट आहे की नाही हे विचारण्यापूर्वी तो तक्ता पाहील, आणि स्पर्धा जोडणीवरून दुरुस्तीवर येईल.

यात आमच्या महानगरपालिकेचाही वाटा आहे. नालीसाठी, जलवाहिनीसाठी, रस्त्यासाठी जेसीबी लागतो आणि त्याच्या एका फटक्यात अर्धा मोहल्ला मुका होतो. खोदण्यापूर्वी तारांच्या मालकांस कळवता यावे म्हणून केंद्र सरकारने २२ मार्च २०२३ रोजी 'कॉल बिफोर यू डिग' ही सोय सुरू केली. परभणीतल्या प्रत्येक कंत्राटाच्या कागदात तिचा वापर सक्तीचा करावा, आणि न कळवता खोदणाऱ्याच्या देयकातून दुरुस्तीचा खर्च वळता करून घ्यावा. यासाठी मुंबईच्या परवानगीची गरज नाही. निविदेतली एक ओळ पुरेशी आहे, आणि पावसाळ्यानंतरच्या कामांच्या निविदा निघण्यापूर्वी ती ओळ घालता येईल.