पाळण्यातले नाव आणि जातीची खूण : मराठी नामकरणाचा मागोवा

मूल जन्माला आले की बाराव्या दिवशी बारसे होते. आत्या पाळण्याशी वाकून बाळाच्या कानात नाव सांगते आणि तिथून ते नाव घराबाहेर पडते. ते कुणी कोणते ठेवावे, यावर मात्र पूर्वी समाजाचा कडक पहारा होता. ब्राह्मणाचे नाव मंगल, क्षत्रियाचे बलसूचक, वैश्याचे धनसूचक आणि शूद्राचे तिरस्कार सुचवणारे असावे, असे मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात स्पष्ट सांगितले आहे. हा नियम प्रत्येक गावात शब्दशः पाळला गेला नसेल. पण एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्रात नाव ऐकून माणसाची जागा ठरवता येत असे, हे खरे.

केरू, कचरू, चिंधू, उकिर्डा, दगडू ही नावे कष्टकरी आणि अस्पृश्य ठरवलेल्या जातींत सर्रास आढळत. त्यामागे दर वेळी हीनता लादण्याचा हेतू होता, असे मात्र म्हणता येत नाही. मुले दगावत, तेव्हा जगलेल्या मुलाला दृष्ट लागू नये म्हणून घरचेच त्याला टाकाऊ वस्तूचे नाव देत. ही भीती सगळ्या जातींत होती. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचणारे धोंडो केशव कर्वे १८५८ साली कोकणातल्या ब्राह्मण घरात जन्मले. धोंडा या शब्दावरून पडलेले हे नाव त्यांच्या घराला कमीपणाचे वाटले नव्हते.

जातीची खूण खरे तर मूळ नावापेक्षा त्याच्या शेपटीत असे. राम हे एकच नाव घेतले तर ब्राह्मणवाड्यात रामचंद्रपंत, देशमुखाच्या वाड्यावर रामराव, कुणब्याच्या घरी रामा आणि महारवाड्यात रामनाक. कोरेगाव भीमा येथे १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या सैनिकांची नावे तिथल्या स्तंभावर कोरलेली आहेत. त्यांतले महार सैनिक आज ओळखता येतात ते या ‘नाक’ प्रत्ययामुळेच. लष्करात मानाने कोरले गेलेले हे नाव गावी परतल्यावर मात्र तुच्छतेनेच उच्चारले जाई.

धर्माच्या बाबतीत ही कुंपणे इतकी पक्की नव्हती. मालोजी भोसले यांनी अहमदनगरच्या शाह शरीफ या पिराला नवस केला आणि झालेल्या मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, अशी परंपरा आहे. शिवाजी महाराजांच्या वडिलांच्या आणि चुलत्यांच्या नावांत एका सुफी संताचे नाव असे विभागून आलेले आहे. दौलतराव, हैबतराव, गुलाबराव ही नावे फारसी-अरबी शब्दांना राव जोडून झाली आणि मराठा घराण्यांत अस्सल मराठी म्हणूनच नांदली.

कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंचे उदाहरण याहून बोलके आहे. शतकानुशतके तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम न करणारे म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. मुंबईतले पहिले सिनेगॉग १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी बांधले. मराठी व्यवहारात त्यांचे नाव सामाजी हसाजी दिवेकर असे होते. बायबलमधल्या नावांना ‘जी’ लागला आणि गावावरून आलेल्या आडनावांना ‘कर’. पुढे इतर ज्यूंशी आणि मिशनऱ्यांशी संबंध वाढला तशी नावांची हिब्रू-इंग्रजी रूपे परत आली. आडनावे टिकली. इस्रायलमध्ये स्थायिक झालेल्या कुटुंबांत पेणकर, किहीमकर, राजपूरकर आजही आढळतात.

ख्रिस्ती धर्मांतरात दोन वेगळे मार्ग दिसतात. पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्यात आणि वसईत बाप्तिस्म्याबरोबर नावही बदलले आणि डिसोझा, परेरा, फर्नांडिस ही आडनावे आली. ब्रिटिश काळातल्या मराठी प्रोटेस्टंटांनी बहुधा जुनेच नाव ठेवले. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि अखेरपर्यंत नारायण वामन टिळकच राहिले.

स्त्रीच्या नावाला तर स्थैर्यच नव्हते. लग्नात ताटातल्या तांदळांवर नवऱ्याने अंगठीने लिहिलेले नवे नाव तिने जन्मभर वागवायचे. १८६५ साली जन्मलेली यमुना जोशी लग्नानंतर आनंदीबाई जोशी झाली आणि डॉक्टर म्हणून तिला जगाने याच नावाने ओळखले. सासरचे नाव देण्याची ही रीत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ओसरू लागली. ती पुरती गेलेली नाही.

विसाव्या शतकात शाळा, छापखाना, कादंबरी आणि पुढे सिनेमा यांनी नावांची देवघेव वाढवली. देवांच्या, नद्यांच्या आणि आजोबा-आजींच्या नावांबरोबर विजय, अशोक, शरद, सुधीर, अरुण, उषा, नलिनी अशी संस्कृत नावे शहरी मध्यमवर्गातून खाली झिरपत गेली. आदिवासी भागात हा बदल फार एकतर्फी झाला. वारली, कातकरी, ठाकर मुलांची नावे जन्मवारावरून किंवा जन्माच्या वेळच्या परिस्थितीवरून पडत: सोमा, मंगळ्या, बुधी, शुक्र्या. शाळेच्या दाखल्यावर मास्तरांनी १ जून ही जन्मतारीख टाकली, तसेच अनेकदा त्यांना बरे वाटेल ते ‘चांगले’ नावही टाकले. मुलाच्या आईबापांना त्यात कुणी विचारले नाही. वारली चित्रकलेला जगभर नेणारे, २०११ साली पद्मश्री मिळालेले जिव्या सोमा म्हसे यांच्या नावात ती जुनी पद्धत शाबूत आहे.

या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोठा आणि जाणीवपूर्वक झालेला बदल १४ ऑक्टोबर १९५६ नंतरचा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि अनुयायांना बावीस प्रतिज्ञा दिल्या. राम, कृष्ण, गौरी, गणपती यांना देव मानणार नाही, असे त्या प्रतिज्ञांत आहे. म्हणजे महादू, विठोबा, खंडू, लक्ष्मी ही नावे एका फटक्यात बाद झाली, आणि केरू-कचरू तर कुणालाच नको होती. महाराष्ट्रात १९५१ च्या जनगणनेत अडीच हजारांच्या आसपास असलेले बौद्ध १९६१ मध्ये सुमारे २७ लाख ९० हजार झाले. इतक्या मोठ्या समाजाला पुढच्या पिढीसाठी नवी नावे हवी होती.

ती बुद्धचरित्रातून आली: सिद्धार्थ, गौतम, राहुल, यशोधरा, सुजाता, आनंद, विशाखा. इतिहासातून अशोक, महेंद्र, संघमित्रा, मिलिंद आली. मूल्यांतून प्रज्ञा, करुणा, मैत्री, समता आली. बौद्ध भिक्खू नागसेनाला प्रश्न विचारणारा यवन राजा मिलिंद याचे नाव बाबासाहेबांनी औरंगाबादच्या महाविद्यालयाला दिले आणि त्या परिसराला नागसेनवन म्हटले. मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय त्याआधी, १९४६ साली सुरू झाले होते. शिक्षणाची दारे ज्या नावांनी उघडली, तीच नावे पाळण्यात आली. ज्या आजोबांना गावाने ‘धोंड्या’ म्हणून हाका मारल्या, त्यांच्या नातवाला शाळेच्या हजेरीत सिद्धार्थ म्हणून पुकारले जाऊ लागले. सन्मान कागदावर उतरण्याची याहून थेट वाट नव्हती.

गंमत अशी की यांतली बरीच नावे सवर्ण घरांतही आधीपासून किंवा त्याच सुमारास रूढ होती. अशोक, आनंद, राहुल, मिलिंद, सुजाता यांच्यावरून कुणाची जात सांगता येत नाही. तथागत, बोधिसत्त्व, संघमित्रा यांच्यावरून सहसा येते. त्यामुळे बौद्ध आईबापांपुढे दोन वाटा राहिल्या: ओळख उघड मिरवणारे नाव, किंवा वर्गात आणि नोकरीत पहिल्याच क्षणी कुणाच्या डोळ्यांवर न येणारे नाव. दोन्हींमागे मुलाची काळजीच असते. ही निवड ज्यांना कधी करावीच लागली नाही, त्यांनी तिला पळपुटेपणा म्हणू नये.

पहिले नाव असे मोकळे झाले, तेव्हा जात ओळखण्याचा भार आडनावावर सरकला. तिथेही मराठीत घोटाळा आहे. जाधव, पवार, गायकवाड, भोसले ही आडनावे अनेक जातींत आहेत, आणि ‘कर’ तर ब्राह्मणापासून बेने इस्रायलीपर्यंत सर्वांना लागतो. म्हणून पुढचा प्रश्न येतो: “मूळ गाव कुठलं?” भाड्याने खोली शोधणाऱ्याला आणि मुलाखतीला गेलेल्याला या प्रश्नाचा रोख बरोबर कळतो. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खासगी कंपन्यांच्या नोकरीच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे, केवळ नावे वेगळी असलेले अर्ज पाठवले होते. उच्चवर्णीय नावांच्या तुलनेत दलित नावांना बोलावणे येण्याची संधी सुमारे दोन-तृतीयांश आणि मुस्लिम नावांना सुमारे एक-तृतीयांश निघाली.

नावाने होणारी इजा फक्त जातीची नव्हती. मुलीवर मुलगी झाली की तिचे नाव ‘नकुशा’, म्हणजे नकोशी, ठेवण्याची प्रथा सातारा जिल्ह्यात एकविसाव्या शतकातही होती. ऑक्टोबर २०११ मध्ये तिथे २८५ मुलींचे समारंभपूर्वक नामांतर झाले. नवी नावे त्यांच्यातल्या अनेकींनी स्वतः निवडली.

१९९० नंतर ओंकार, अथर्व, वेदांत, पार्थ, श्रेया आणि मग आरव, विहान, अनाया, मायरा अशी लाट आली. जात तर सोडाच, मूल मराठी आहे की गुजराती हेही या नावांवरून कळत नाही. परदेशात राहणारे मराठी आईबाप तिथल्या जिभेला सोपी म्हणून नील, रिया, माया, ओम पसंत करतात. जन्मनक्षत्राचे अक्षर अजूनही पाहिले जाते. अश्विनीवर जन्मलेल्याला चू, चे, चो, ला यांपैकी एक अक्षर येते आणि मग नावरस नाव पत्रिकेत ठेवून व्यवहाराला दुसरेच घेतले जाते. याच काळात शंभू, शिवबा, जिजा, मुक्ता, सई अशी नावेही परत आली आणि ती जुन्या जातिरेषा न पाहता सर्वत्र ठेवली जात आहेत.

२०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने शासकीय कागदपत्रांवर आईचे नाव बंधनकारक केले. मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव, असा क्रम ठरला. आईला जागा मिळाली, आणि आडनाव आपल्या जागी कायम राहिले.